आपोआप लागणारा डिफ लॉक की लिव्हर ओढून लावायचा?

महिंद्राची थार की फोर्सची गुरखा हा वाद सुरू झाला की कोणीतरी म्हणतंच, "दोन्हीला डिफ लॉक आहे ना, मग काय फरक पडतो?" पडतो की, आणि तीच गाडी रोज ऑफिसला न्यायची असेल तर चांगलाच पडतो.

आधी एक क्लिअर करतो, डिफ लॉक म्हणजे एकाच एक्सलची डावी-उजवी चाकं एकत्र फिरायला लावणारी सोय, आणि फोर बाय फोर लावलं म्हणजे तो लागला असं नाही. फोर बाय फोरने पुढचा आणि मागचा एक्सल जोडला जातो, पण एकाच एक्सलची डावी-उजवी चाकं एकमेकांपासून मोकळीच राहतात, म्हणून पुढचं एक आणि तिरक्या बाजूचं मागचं एक चाक हवेत गेलं की तीच दोन गरागरा फिरतात आणि गाडी ढिम्म.

थारच्या काही व्हेरियंटला मागे एमएलडी (मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल) येतो, तो स्वतःहून लागतो. दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतली छोटी वजनं बाहेर फेकली जातात, खटॅक आवाज येतो आणि दोन्ही चाकं एकत्र ओढायला लागतात. स्पीड साधारण ३० च्या वर गेला की लागतच नाही, त्यामुळे हायवेला तो आहे हे कळतही नाही. घरात गाडी दोघं-तिघं चालवत असतील तर हाच बरा, कोणाला काही शिकवायला नको.

पण गोम अशी की चाक स्पिन झाल्याशिवाय तो लागत नाही, आणि भातखाचराच्या चिकट चिखलात तेवढ्यात चाक चार बोटं खाली गेलेलं असतं. वर दगडात ॲक्सिलरेटर सोडला की सुटतो, मग परत दाबा, परत स्पिन, परत खटॅक. नवीन माणूस नेमका इथेच घाबरून पाय काढतो आणि मग म्हणतो लॉक चालतच नाही!

गुरखाला पुढच्या आणि मागच्या एक्सलचा लॉक वेगवेगळा, लिव्हर ओढून लावायचा. समोर खड्डा दिसला की आधीच लावा, चाक स्पिन न होता गाडी सावकाश निघते, दगडात तर याला तोड नाही. फक्त काढायची आठवण पाहिजे, नाहीतर डांबरीवर वळताना टायर घासतात, हाफ शाफ्टवर (चाक फिरवणाऱ्या एक्सलमधल्या दांड्यावर) लोड येतो. कधी लिव्हर सोडूनही लॉक अडकून राहतो, तेव्हा गाडी जरा पुढे-मागे करायची. आणि पुढचा लॉक लावला की स्टिअरिंग जड होतं, वळायचं असेल तिथे त्याला हात लावू नका.

माझं मत विचाराल तर रोज ऑफिस आणि पावसाळ्यात कधीतरी ताम्हिणीकडचा चिखल, एवढंच असेल तर एमएलडी पुरतो. दर वीकेंडला दगडात जाणार असाल तरच लिव्हरवाला.

सेकंडहँड थार बघताना मात्र व्हेरियंट नीट तपासा, कारण काहींमध्ये ब्रेकवाला प्रकार असतो, म्हणजे फिरणाऱ्या चाकाला गाडी स्वतः ब्रेक लावते आणि जोर दुसऱ्या चाकाकडे जातो, एक्सलमध्ये लॉक असं काही नसतंच. मारुतीच्या जिम्नीतही हाच प्रकार आहे. विकणारा सगळ्याला डिफ लॉकच म्हणणार.