दोर बदलला तशी गाठ बदलली : वृक्षारोहणाच्या साधनांची पार्श्वभूमी

वळवाच्या वाऱ्यांआधी, एप्रिल-मे महिन्यांत, जळगाव-धुळ्याकडे रस्त्याकडेच्या चिंचा आणि कडुनिंब छाटण्याची कामे निघतात. अशा वेळी झाडावर चढलेल्या माणसाजवळ दोर असला, तरी तो बहुधा कापलेली फांदी खाली सोडण्यासाठी असतो. स्वतःच्या देहासाठी नसतो. अलीकडे वृक्षारोहणाचे, म्हणजे दोराच्या आधाराने झाडावर चढण्याचे, सॅडल, म्हणजे कमरेला व मांड्यांना धरणारा बसका पट्टा, आपल्याकडेही मागवता येते आणि नवा माणूस पहिला प्रश्न सॅडलचाच विचारतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी दोर, मग त्या दोरावर बसणारी गाठ आणि शेवटी सॅडल, असा विचार करावा लागतो. कारण या साधनांचा इतिहासही त्याच क्रमाने घडला आहे.

खानदेशातल्या जुन्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. मोटेला जाड नाडा आणि बारीक सोंदूर असे दोन दोर असत. नाडा पाण्याचे वजन पेली आणि सोंदूर मोटेची सोंड आवरी. वृक्षारोहणातही जाड मुख्य दोर भार पेलतो आणि त्याच्याभोवती वेढे घेतलेली बारीक दोरी तो भार अडवते किंवा सोडते. या वेढ्यांना घर्षणगाठ म्हणतात. भार आला की गाठ दोराला आवळून धरते आणि वरून हाताने दाबली की सरकते.

नायलॉनपूर्वी अमेरिकेतले वृक्षारोहक मनिला दोर वापरत. तो अंबाडीच्या दोरासारखाच खरखरीत असे. दोर फांदीच्या बेचक्यातून ओवायचा, एक टोक कमरेला बांधायचे आणि त्याच टोकाच्या उरलेल्या शेपटाने दुसऱ्या पदरावर ‘टॉटलाइन’ गाठ मारायची, अशी ती पद्धत होती. बेचक्यातच बरेच घर्षण होत असल्याने गाठीवर येणारा भार कमी राही आणि साधी गाठही पुरे. दरम्यान १९३१ मध्ये ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी दोरावर चढण्यासाठी त्यांच्या नावाने ओळखली जाणारी गाठ प्रसिद्ध केली. ती दोन्ही दिशांनी पकडते, पण भाराखाली घट्ट बसते. त्यामुळे सतत वरखाली करणाऱ्या छाटणीकामगाराला ती कष्टाची वाटते.

ड्यूपाँ कंपनीने १९३८ मध्ये नायलॉन जाहीर केले आणि महायुद्धानंतर कृत्रिम दोरांनी मनिलाची जागा घेतली. १९५३ मध्ये जर्मनीतील एडेलरिड कंपनीने आतला गाभा आणि बाहेरचे विणलेले आवरण असा दोर आणला. मजबुती वाढली, दोर कुजेनासा झाला, पण पृष्ठभाग गुळगुळीत झाला. टॉटलाइन अशा दोरावर हळूहळू उलगडू शकते; म्हणून शेपटाला आठाच्या आकाराची अडगाठ मारून ठेवणे आवश्यक ठरले. या अडचणीवर उत्तर ठरलेली गाठ हाइन्झ प्रोहास्का यांनी १९८१ मध्ये मांडली होती; तथापि १९९४ मध्ये जेसन ब्लेक यांनी ती अमेरिकी वृक्षारोहकांपुढे आणली आणि ती ‘ब्लेक्स हिच’ म्हणूनच रूढ झाली. तिचा दोष म्हणजे लांब उतरताना ठरावीक वेढ्यांवरच उष्णता साठते आणि तिथली दोरी वितळून काचेसारखी गुळगुळीत होते.

उष्णतेचा हा मुद्दा खरेदीत सर्वांत निर्णायक आहे. पॉलिएस्टर साधारण २५० अंशांना वितळते, तर डायनीमा हा कृत्रिम धागा अतिशय मजबूत असूनही १५० अंशांच्या आतच वितळू लागते. म्हणून केवळ ‘किती किलो पेलते’ हे वाचून डायनीमाची दोरी गाठीसाठी घेणे चुकीचे आहे. अरामिड या उष्णता सोसणाऱ्या धाग्याचे आवरण असलेली ८ ते १० मिलिमीटरची दोरी अधिक योग्य ठरते. अशाच दोऱ्यांनी, दोन्ही टोके कॅरॅबिनरला (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीला) अडकवून मारल्या जाणाऱ्या डिस्टेल, व्हाल्डोटेन ट्रेस यांसारख्या गाठी रूढ झाल्या. मुख्य दोर ११ ते १३ मिलिमीटरचा असतो आणि गाठीची दोरी त्याहून बारीक व लवचीक असावी लागते. पुढे दुहेरी पदराऐवजी एकेरी दोरावर चढण्याची रीत वाढली, तेव्हा पूर्ण देहभार एकट्या गाठीवर येऊ लागला. तो विभागण्यासाठी २०१० च्या सुमारास ‘रोप रेंच’सारखी उपकरणे आली.

सॅडलची कथा त्या मानाने छोटी आहे. आधी दोराचेच फास कमरेला, मग पट्टा, मग मांड्यांचे पट्टे आणि समोर दोराचा छोटा ‘ब्रिज’, ज्यावर कडी सरकते व अंग वळवता येते. ब्रिज झिजणारा भाग असल्याने तो बदलता येणारा असावा. जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हात जाड गादीचे सॅडल घामाने नकोसे होते, हेही विकत घेण्याआधी अर्धा तास लटकून पाहिल्याशिवाय कळत नाही.

दोर ओला झाला, त्यावर झाडाचा डिंक लागला किंवा तो नुसता जुना झाला, तरी गाठीची पकड बदलते; सकाळी नेमकी सरकणारी गाठ दुपारी अडू शकते किंवा घसरू शकते. म्हणून प्रत्येक चढाईआधी जमिनीपासून हातभर उंचीवर पूर्ण भार देऊन ती तपासली जाते.