ट्रॉलीचं वजन भागिले चार? नव्हे, तीन

"एकूण वजनाला चारने भागा, तेवढ्या क्षमतेची चाकं लावा, मग ट्रॉलीकडे बघायला नको." माल वाहायच्या चारचाकी ट्रॉलीचा हा हिशेब नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यात, रबाळे-महापेच्या गाळ्यांमध्ये वर्षानुवर्षं सांगितला जातो. कागदावर तो पटतोही. पण चारने भागताना आपण जमीन अगदी सपाट धरतो. प्रत्यक्षात कुठे कोबा उखडलेला, कुठे गटाराची जाळी, कुठे शटरचा उंबरा. तिथे एक चाक अधांतरी राहतं आणि भार उरलेल्या तिघांवर येतो. म्हणून भागायचं तीनने. ट्रॉली 100 किलो, माल 500 किलो, तर चाक 150 चं नको, किमान 200 किलोचं हवं. ट्रॉलीचं स्वतःचं वजन धरायचं तर हमखास राहून जातं, तेही बघा.

पडताळणी सोपी आहे. भरलेली ट्रॉली नेहमीच्या जागी उभी करा आणि प्रत्येक चाकाखाली कागद सरकवा. ज्या चाकाखालून तो आरपार निघतो, त्यावर त्या क्षणी भारच नाही.

सीलबंद बेअरिंगचं चाक घेतलं की त्याला ग्रीस भरण्याची कटकट जाते, हे खरं. आसाला गुंडाळलेले पॅकिंगपट्टीचे धागे मात्र अधूनमधून कापून काढावेच लागतात.