रस्ता शहराचा, खालच्या गॅसवाहिनीवर हुकूम कोणाचा?

अमेरिकेत एखादं शहर आणि गॅस कंपनी यांच्यात वाहिनीच्या नियमांवरून जुंपली, की कंपनीचा पहिला मुद्दा ठरलेला असतो: असा नियम करायचा अधिकारच शहराला नाही. कायद्याने पाहिलं तर बऱ्याचदा ते खरंही ठरतं.

मार्च १९६५ मध्ये लुईझियानातल्या नॅकटिश इथे गॅसवाहिनी फुटून १७ जण दगावले. त्यानंतर, १९६८ साली, वायुवाहिनी सुरक्षेचा केंद्रीय कायदा आला. आंतरराज्यीय वाहिन्यांची सुरक्षा केंद्राने स्वतःकडे ठेवली. राज्याच्या हद्दीतल्या वाहिन्यांसाठी केंद्रापेक्षा कडक नियम करायची मुभा राज्याच्या यंत्रणेला मिळाली. शहराच्या हाती उरला रस्ता खोदायचा परवाना आणि कंपनीशी केलेला करार.

तो करार किती तोकडा आहे, हे सिएटलला कळलं. १० जून १९९९ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये ऑलिम्पिक कंपनीची पेट्रोलवाहिनी फुटली, ओढ्यात पेट्रोल वाहत गेलं आणि पेटलं. तिघांचा जीव गेला; त्यात दोन मुलं अवघी दहा वर्षांची होती. पुढे सिएटलने याच कंपनीकडे शहराच्या हद्दीतल्या वाहिनीची जलदाब चाचणी, म्हणजे पाइपात जास्त दाबाने पाणी भरून तो टिकतो का हे पाहणं, मागितली. जागा आमची, मग अट घालायचा हक्कही आमचा, असं शहराचं म्हणणं होतं. २००६ मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या केंद्रीय अपील न्यायालयाने ते फेटाळलं: ही सुरक्षेचीच अट आहे आणि ती घालायचा अधिकार शहराला नाही.

चाचणी मागणं हा हट्ट नव्हता, हे सॅन ब्रुनोने दाखवलं. कॅलिफोर्नियातल्या या गावाखालची पीजी अँड ई कंपनीची ३० इंची वाहिनी १९५६ साली टाकलेली. राज्याने नव्या वाहिन्यांना जलदाब चाचणी सक्तीची केली १९६१ मध्ये. १९७०च्या केंद्रीय नियमांनीही जुन्या वाहिन्यांना सूट दिली. कंपनीच्या दप्तरात तो पाइप बिनजोडाचा होता. प्रत्यक्षात तिथे जोडाचे आखूड तुकडे होते आणि काहींना आतून वेल्डिंगच केलेलं नव्हतं. ९ सप्टेंबर २०१० च्या संध्याकाळी तो जोड उसवला. आठ माणसं गेली, ३८ घरं राख झाली, आणि गॅस बंद करायला ९५ मिनिटं लागली, कारण झडपा माणसांनी जाऊन हाताने फिरवाव्या लागल्या. चुकीची नोंद चाचणीने उघडी पडते, आणि चाचणीलाच सूट होती. माझ्या मते साऱ्या वादाचं मूळ इथे आहे.

२०११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक सेवा आयोगाने चाचणी न झालेल्या सगळ्या मुख्य वाहिन्या तपासायचा किंवा बदलायचा आदेश दिला. २०१५ मध्ये कंपनीला १.६ अब्ज डॉलरचा दंड केला. सॅन फ्रान्सिस्कोने तर केंद्राच्या देखरेख यंत्रणेलाच न्यायालयात खेचलं, पण तो दावा टिकला नाही.

मग भांडण जमिनीवर आलं. सुरक्षेसाठी वाहिनीवरची झाडं काढायची मोहीम पीजी अँड ईने हाती घेतली, तेव्हा वृक्षसंरक्षणाचे स्थानिक नियम आडवे आले. कॅलिफोर्नियातल्याच लाफायेत शहराने २०१७ मध्ये २७२ झाडं काढू द्यायचं मान्य केलं आणि तिथले रहिवासी शहराविरुद्धच न्यायालयात गेले.

१९७०ची सूट केंद्राने २०१९च्या नियमांत आवळली. दाट वस्तीतल्या ठरावीक जुन्या वाहिन्यांचा सुरक्षित दाब कंपन्यांना नव्याने सिद्ध करावा लागणार आहे. मुदत आहे २०३५ पर्यंत.