झडप आवळली की लाकूड वाचतं?

झोपताना घर उबदार ठेवणाऱ्या, काचेचं दार आणि धुराडं असलेल्या बंद शेगडीत मोठा ओंडका टाकायचा, हवेची झडप पार आवळायची; धग सकाळपर्यंत टिकते आणि लाकूडही वाचतं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. वाचत काही नाही. हवा कोंडली की लाकूड नुसतं धुमसतं आणि त्यातले जळाऊ वायू उष्णता न देताच धुराबरोबर निघून जातात. गार धुराड्यात त्या धुराचा काळा, चिकट, डांबरासारखा थर धरतो. हाच क्रिओसोट. तो पेटला तर धुराड्यालाच आग! शिवाय कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. त्याला ना रंग, ना वास. त्याचा अलार्म खोलीत हवाच.

शेगडीची काच काळी पडतेय? मग हवा कमी आहे किंवा लाकूड ओलं. ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. सुकी लाकडं एकमेकांवर आपटली की खणखणीत वाजतात, ओली भद्द.