डासांपासून बचाव: मोजक्या पैशांत आधी काय घ्यावे?

जाळी बसवून घ्यायला येणारे ग्राहक आल्याआल्या विचारतात, "सगळ्या घराचा मिळून खर्च किती?" आम्ही आधी दुसरेच विचारतो: घरात दिवसा कोण झोपते, रात्री किती जण कुठे झोपतात आणि पाणी कशात साठवता? कारण सगळ्या घराला एकदम जाळी बसवणे अनेकांना परवडत नाही आणि बऱ्याचदा त्याची गरजही नसते.

मलेरिया पसरवणारी ॲनोफिलिस डासाची मादी मुख्यतः रात्री, आपण झोपेत असताना चावते. त्यामुळे मलेरियाच्या भागात पहिला खर्च मच्छरदाणीवरच करावा. डेंग्यूचा एडिस मात्र दिवसा चावतो, त्यातही सकाळी लवकर आणि सूर्य मावळण्याआधी जास्त. तिथे रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. पण दुपारी झोपणारे बाळ, अंथरुणाला खिळलेली वयस्कर व्यक्ती आणि डेंग्यूचा तापकरी यांना दिवसाही मच्छरदाणीत ठेवावे. तापकऱ्याला चावलेला डास काही दिवसांनी घरातल्या इतरांना डेंग्यू देऊ शकतो, म्हणून त्याची मच्छरदाणी सगळ्या घराला उपयोगी पडते.

पैसे न लागणारे काम आधी

एडिस साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. नुसते पाणी ओतून देऊन भागत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पुन्हा पाणी भरले की अळ्या तयार. त्यामुळे पिंप, कूलर, फ्रिजमागचा ट्रे आणि कुंडीखालची बशी आतून घासूनच काढावी लागते. हे राहिले आणि डास घरातच जन्मले, तर खिडकीची जाळी त्यांना बाहेर जाऊ देत नाही. अशा घरात जाळी बसवण्याची घाई करू नका, असे आम्ही ग्राहकाला स्पष्ट सांगतो.

किंमत नव्हे, एका रात्रीचा खर्च पाहा

कॉइल किंवा द्रवाची बाटली स्वस्त वाटते, कारण एका वेळी थोडेच पैसे जातात. हिशेब असा करा: वस्तूची किंमत भागिले ती जितक्या रात्री पुरते तितक्या रात्री. बाटली किती दिवस पुरेल ते वेष्टनावर लिहिलेले असते. कारखान्यातच औषध मुरवलेली टिकाऊ मच्छरदाणी साधारण 3 वर्षे वापरता येते, म्हणजे जवळपास 1,095 रात्री. तिच्यात दोघे झोपत असतील तर आलेला आकडा पुन्हा दोनाने भागा. हा हिशेब घरी कागदावर मांडा आणि मगच खरेदीला निघा.

मलेरियाच्या भागांत अनेक देशांची आरोग्यखाती औषध मुरवलेल्या मच्छरदाण्या मोफत वाटतात. आमच्याकडे येण्याआधी जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. तिथे मिळाली तर ते पैसे खिडकीसाठी राहतील.

साधी मच्छरदाणी स्वस्त पडते, पण झोपेत हात-पाय तिला टेकले तर डास बाहेरूनच चावतो. म्हणून ती ऐसपैस घ्यावी आणि गादीखाली चारी बाजूंनी खोचावी. औषधाची मच्छरदाणी नवी असताना एक दिवस सावलीत उघडी टांगून ठेवा. पुढे साध्या साबणाने थंड पाण्यात धुवा आणि सावलीतच वाळवा. ब्लीच आणि कडक ऊन यांनी औषध लवकर उतरते. वारंवार धुतल्यानेही उतरते, त्यामुळे मळल्याशिवाय धुऊ नका.

जाळी एकेका खोलीला

पैसे कमी असतील तर घरभरातल्या निम्म्या खिडक्यांना जाळी लावू नका. उरलेल्या निम्म्यांतून डास येणारच. त्यापेक्षा एकच खोली निवडा आणि तिची खिडकी, दार, झरोका, सगळे पूर्ण बंदिस्त करा. लहान मूल किंवा गरोदर बाई झोपते ती खोली आधी घ्या. पुढची खोली सवडीने करता येते, आणि असे टप्प्याटप्प्याचे काम आम्ही आनंदाने करतो.

आवाजाने डास पळवणारी यंत्रे आम्ही ठेवत नाही. त्यांनी डास चावायचे थांबत नाहीत, हे चाचण्यांत दिसले आहे.

बचावावर काटकसर चालेल, तापावर नको. मलेरियाच्या भागात ताप आला तर 24 तासांच्या आत रक्त तपासून घ्या. डेंग्यूवर खास औषध नाही. त्याचा संशय असेल तर ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळा. ताप उतरताना पोटात जोराची कळ, सततच्या उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त दिसले तर लगेच रुग्णालय गाठा. तपासण्या, बुडालेली मजुरी आणि सोबत थांबणाऱ्याचा खाडा यांची बेरीज केली, की मच्छरदाणीचा खर्च त्यापुढे फार लहान दिसतो.

माप आणताना खिडकीच्या चौकटीची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा, उंचीही तशीच. तिन्ही आकडे लिहून आणा. जुनी चौकट क्वचितच सरळ असते, आणि कडेला राहिलेली बारीक फटही डासाला पुरते.