पी कोट: नाव कापडाचं, ओळख कापाची

पी कोट म्हणजे खलाशांचा जाड लोकरी, आखूड कोट. इंग्रजीत ‘पी’ म्हणजे वाटाणा, पण या ‘पी’चा वाटाण्याशी काही संबंध नाही. डच भाषेत जाड्याभरड्या लोकरी कापडाला ‘पेइ’ म्हणत आणि त्याच्या जाकिटाला ‘पेइयेकर’. इंग्रजांनी शब्दाची शेपटी काढून तिथे आपलं ‘जॅकेट’ लावलं, डोकं तसंच ठेवलं, आणि 1720 च्या दशकात अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतींमध्ये ‘पी जॅकेट’ रुळलेलं दिसतं. अमेरिकन नौदल मात्र वेगळी गोष्ट सांगतं: ‘पायलट क्लॉथ’ नावाच्या जाड ट्विल कापडाचं पहिलं अक्षर ‘पी’, म्हणून पी कोट. मला डच मूळच पटतं, कारण चौदाव्या शतकातल्या इंग्रजीतही ‘कोर्टेपी’ नावाचा जाड कापडाचा आखूड डगला सापडतो. हा ‘पी’ तेव्हापासूनचा आहे. भांडण कसंही मिटो, दोन्ही गोष्टींत नाव पडलंय ते कापडावरून. आज दुकानात आपण हा कोट ओळखतो तो मात्र कापावरून: रुंद कॉलर, बटणांच्या दोन रांगा, गडद निळा रंग. फसगत होते ती इथेच.

कापही काही शोभेसाठी ठरला नव्हता. शिडांच्या जहाजावर खलाशाला डोलकाठीवर चढायचं, आडव्या काठीला बिलगून शीड आवळायचं. पायात घोळणारा कोट तिथे जिवावर बेतला असता, म्हणून लांबी कमरेच्या जरा खाली थांबली. शीड आवळण्याला इंग्रजीत ‘रीफ’ करणं म्हणतात, त्यावरून या जाकिटाचं दुसरं नाव ‘रीफर’. छातीवर एक पल्ला दुसऱ्यावर चांगला वीतभर चढतो, त्यामुळे वारा जिथे सरळ आदळतो तिथेच कापड दुहेरी. बटणं मोठी, थंडीने बधिर झालेल्या बोटांनाही सापडतील अशी. खिशांची तोंडं उभी, कारण ते खिसे सामान ठेवण्यापेक्षा हात खुपसण्यासाठी आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन कोटांत खिशांना आतून कॉर्डरॉय लावलेलं असे. तसा एखादा जुना कोट हाती आला तर कॉलर उलटून बघा. खालच्या बाजूला टाक्यांच्या ओळीच ओळी दिसतात. त्या टाक्यांमुळे उभी केलेली कॉलर वाऱ्यात लोळागोळा होत नाही, कानांपर्यंत ताठ राहते.

ज्यांना दोरखंडावर चढायचं नव्हतं, त्यांचा कोट वेगळा. जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज हाकतात त्या जागी, तासन् तास उभं राहून पहारा करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी हाच कोट गुडघ्यापर्यंत लांबवला आणि त्याला ‘ब्रिज कोट’ म्हटलं गेलं. हालचाल करणाऱ्याला आखूड कोट पुरतो, उभं राहणाऱ्याच्या मांड्या गारठतात. आपला हिवाळा झपाझप चालण्यात जातो की बसची वाट पाहण्यात, हे कोट घेण्याआधी स्वतःला विचारून घेतलेलं बरं.

आता कापड. साध्या विणलेल्या लोकरी कापडातून वारा आरपार जातो. त्यावर जुना उपाय म्हणजे विणलेलं कापड भिजवून, कुटून, तुडवून आटवणं. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ओलावा, ऊब आणि मार मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि विणीची भोकं बुजतात. आधी हे काम पायांनी चालायचं, मग मध्ययुगात पाणचक्क्या आल्या. इंग्रजांमधली वॉकर, फुलर आणि टकर ही तिन्ही आडनावं याच एका धंद्यातून आलेली आहेत, यावरून त्याचा पसारा केवढा होता ते कळतं. आटवलेलं कापड नमद्याकडे झुकतं: धागे सहज दिसत नाहीत, कापलेली कड फारशी उसवत नाही, वारा अडतो. पी कोटाची दोन नावाजलेली कापडं याच घराण्यातली. एक कर्सी, ज्याचं नाव इंग्लंडच्या सफोकमधल्या कर्सी गावावरून पडलं असं मानतात. दुसरं मेल्टन, लेस्टरशरमधल्या मेल्टन मोब्रे गावावरून. कर्सीवर किंचित चकाकी आणि एका दिशेला बसवलेली लव असते. मेल्टन मऊ आणि बिनचकाकीचं.

दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन नौदलाचा कोट कर्सीचा होता, यार्डाला 30 औंसांच्या पुढचा. म्हणजे ठाणातून एक यार्ड कापड कापलं तर त्याचंच वजन साडेआठशे ग्रॅमच्या वर. असा कोट पहिल्यांदा अंगावर घातला की खांद्यांवर कोणीतरी हात ठेवून उभं आहे असं वाटतं. पुढच्या काही दशकांत कर्सीची जागा मेल्टनने घेतली. बाजारातले कोट तर आणखी हलके होत गेले, काहींत निम्मा धागा पॉलिएस्टरचा आला. काप तोच, बटणांवरचा दोर गुंडाळलेला नांगरही तोच. पण अशा कोटात कोणी गोठवणाऱ्या वाऱ्यात उभं राहिलं, तर हातावर वाटाण्याच्या अक्षताच पडायच्या.

रंगाची गोष्ट थोडक्यात. ब्रिटिश नौदलाने अधिकाऱ्यांना निळा गणवेश ठरवून दिला 1748 मध्ये. साध्या खलाशांना ठरलेला गणवेश मिळायला 1857 उजाडलं, तोवर ते जहाजावरच्या साठ्यातून कपडे विकत घेत. नीळ पक्की, ऊन आणि खारं पाणी सोसणारी. जुने कोट इतके गडद आहेत की दिव्याच्या उजेडात काळेच भासतात.

महायुद्ध संपल्यावर लष्कराचा उरलेला माल स्वस्तात विकला जाऊ लागला आणि कोट विद्यार्थ्यांच्या, कामगारांच्या अंगावर आला. 29 जानेवारी 1962 ला पॅरिसमध्ये फॅशन डिझायनर इव्ह सँ लोराँने स्वतःच्या नावाने पहिला संग्रह सादर केला, तेव्हा सुरुवातच पांढऱ्या विजारीवरच्या पी कोटाने केली. फ्रेंचमध्ये त्याला ‘काबां’ म्हणतात. खलाशाचा कोट बायकांच्या उंची फॅशनमध्ये गेला. कापडाकडे दुर्लक्ष व्हायला सुरुवात इथूनच झाली असं म्हणणं अन्यायाचं होईल, पण कोट ‘दिसतो कसा’ हा प्रश्न त्यानंतर पहिल्या नंबरावर आला, हे मात्र खरं.

म्हणून खरेदीला उलटीकडून सुरुवात करावी. आधी आतली पट्टी वाचायची: लोकर 80 टक्क्यांच्या खाली असेल तर मी कोट परत टांगतो. मग पल्ल्याचं अस्तर नसलेलं टोक उजेडाकडे धरायचं. टिंबं टिंबं उजेड दिसला तर तिथून वाराही येणार. मुठीत आवळून सोडल्यावर चुण्या आपोआप उलगडायला हव्यात. माप बघताना आत जाड स्वेटर घालूनच बघावं, सगळी बटणं लावून, हात डोक्यावर नेऊन. मुंढा खाली उतरलेला असेल तर हाताबरोबर अख्खा कोट वर चढतो. जुने नौदली कोट छातीत मुळातच तंग असत, त्यामुळे नेहमीच्या मापावर विसंबू नये. बटणं सहा की आठ, यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

2016 मध्ये अमेरिकन नौदलाने जाहीर केलं की पी कोट यापुढे सक्तीचा राहणार नाही, त्याऐवजी काळा पार्का, म्हणजे टोपी जोडलेलं जाकीट, येईल: कृत्रिम धाग्याचा, हलका, पाणी अडवणारा. हळहळणारे पुष्कळ निघाले, पण निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के ओलावा अंगाला ओलं न लागू देता पोटात ठेवते. भुरभुर बर्फ, धुकं, तुषार ती सहज सोसते. धो धो पावसात मात्र तोच जड कोट पाणी पिऊन आणखी जड होतो आणि वाळायला दोन दिवस घेतो. तो वाळवताना हीटरजवळ नेऊ नये. रुंद खांद्याच्या हँगरवर, कॉलर उभी करून, हवेशीर जागी टांगावा, आणि पूर्ण सुकल्यावरच लवेच्या दिशेने ब्रश फिरवावा.