खानापूरच्या खेड्यांची लोकसंख्या आणि त्यांच्या वाटा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या कुठल्याही खेड्याची सरकारी माहिती काढा, त्यात लोकसंख्या आणि दळणवळण हे दोन रकाने असतातच. ते सुटे सुटे वाचले तर गाव कळत नाही. आपल्या भागात माणसांचा आकडा आणि गावाची वाट दीडशे वर्षे एकमेकांना ओढत आली आहेत.

आधी तालुक्यातल्या नंदगडची पेठ मोठी होती. घाटाखालून मीठ, नारळ, सुपारी बैलांच्या पाठीवर वर यायची आणि वरचे धान्य खाली उतरायचे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने हा सगळा प्रदेश खिळखिळा केला. टंचाईच्या मुलखात धान्य पोचवता यावे हा सदर्न मराठा रेल्वेमागचा एक मोठा हेतू होता. कंपनी १८८२ मध्ये उभी राहिली. रूळ मात्र नंदगडला शिवले नाहीत. देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी करत ते लोंढ्याला गेले आणि तिथून कॅसलरॉकमार्गे गोव्यात उतरले. स्टेशनलगतच्या गावांना बाजार मिळाला, आडवाटेची गावे आणखी आडवाटेला पडली. रेल्वेच्या वाटेने प्लेगही पसरला. १९०१ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ९,९३,९७६ भरली, म्हणजे दहा वर्षांत सुमारे दोन टक्क्यांनी घटली. २०११ मध्ये ती ४७,७९,६६१ होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला आणि खेड्याच्या आकड्याला वेगळेच वजन आले. खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा या चार सूत्रांवर कर्नाटकातली ८६५ गावे आपल्याला मिळावीत ही महाराष्ट्राची मागणी उभी आहे. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यामुळे इथल्या माणसाला जनगणनेचा तक्ता कधीच नुसता तक्ता वाटला नाही.

आता दळणवळणाचा रकाना. जनगणनेच्या ग्रामसूचीत बस 'आहे' किंवा 'नाही' एवढेच कळते. नसेल तर अंतराचा टप्पा दिलेला असतो. दिवसाला किती फेऱ्या, पावसाळ्यात किती बंद, हे त्यात नाही. वस्तीची गाडी ज्या गावात येते तिथली सकाळ पाहावी. रात्री मुक्कामाला थांबलेली बस उजाडताना निघते. कॉलेजची मुले, बेळगावात उद्यमबागेत कामाला जाणारे, भाजीच्या बुट्ट्या घेतलेल्या बायका, सगळे त्याच एका फेरीत. ती चुकली की वडाप म्हणजे खासगी प्रवासी गाडी, नाहीतर कुणाच्या तरी मोटरसायकलची मागची सीट. जून २०२३ मध्ये कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेने सरकारी बसमध्ये बायकांचे तिकीट माफ झाले, आणि माझ्या मते रस्त्यांखालोखाल याच गोष्टीने गावातल्या बायकांचे तालुक्याला जाणे-येणे मोकळे केले. पण बसच येत नसेल तर ही माफी कागदावरच राहते. भीमगड अभयारण्यातली आमगाव, गवाळी, कोंगळा ही गावे पावसाळ्यात तुटतात. आजारी माणसाला बांबूला बांधून, चौघांनी खांद्यावर घेऊन, ओढे ओलांडत डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते. अशा गावातली घरे कमी झाली तर तो आकडा जन्ममृत्यूचा नसतो, वाटेचा असतो.

२०११ ची गणती ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. ऊसतोडीचे, वीटभट्ट्यांचे, गोव्यातल्या कामांचे हे ऐन दिवस. त्या पूर्ण काळात बाहेर राहिलेला माणूस घरच्या यादीत येत नाही. मधे एखाद्या रविवारी घरी येऊन गेलेला येऊ शकतो. म्हणजे गोव्याची गाडी सोयीची असलेले गाव कागदावर थोडे मोठे दिसते, नसलेले थोडे लहान. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे, म्हणजे पुन्हा तोच हंगाम. प्रगणक दारात येईल तेव्हा बाहेरगावी असलेल्यांची नावे सांगाच. कुठे असतात, कधी आले होते, परत कधी यायचे आहेत, हे घरातल्या जाणत्या माणसाने आधीच विचारून ठेवावे.